माळावरची कुपाटी

भूकंपात आमचं दगडी घर बसलं, तेव्हापासून माझ्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, छताखाली झोप लागत नाही. नव्या गावठाणात पक्कं घर मिळालं, भावाने पुढे त्यात फरशी बसवली, पंखे लावले, तरी आण्णांची बाज कायम अंगणात. दुपारी तर ते घरी सापडायचेच नाहीत. माकणीच्या धरणाकडे उतरत जाणाऱ्या माळावर त्यांच्या शेळ्या आणि ते, असं त्यांचं बिऱ्हाड. मी लग्न होऊन जळकोटला गेले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले, पण माहेर म्हटलं की मला घर आठवत नाही, तो माळ आठवतो.

माळ पाहायला म्हणून कोणी जावं असं तिथे काही नाही. वीतभर माती, खाली मुरूम. कडेकडेने हिवर आणि बाभळी, मध्ये बोरी, सीताफळाची झुडपं, आणि उताराच्या जरा वर सात-आठ जुन्या लिंबांचा घोळका. बाहेरचे लोक कडुलिंब म्हणतात, आमच्याकडे नुसता लिंब. उन्हं चढली की शेळ्या आपणहून त्या लिंबाखाली येऊन बसायच्या आणि रवंथ करायच्या. आण्णा भाकरी सोडायचे. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय त्या सावलीत झाले. माझं लग्न ठरवायला पाहुणे आले तेव्हाही आण्णांना हाका मारायला तिथेच माणूस पाठवावा लागला होता, आणि ते अंगाला लेंड्यांचा वास घेऊन बैठकीला येऊन बसले, याचा राग मला पुढे वर्षभर होता.

भावाचं म्हणणं, आता शेळ्या काढून टाका, वय झालं, घरी बसा. तो उमरग्याला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी येऊन सल्ले देतो. आण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. माळावर सावली आहे तोवर शेळ्या आहेत. हे ते इतक्या खात्रीने म्हणायचे, की भाऊ गप्प बसायचा. सावली संपेल असं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नव्हतं.

शेळ्यांना पाला आण्णा आकडीने तोडायचे. लांब बांबू, टोकाला कोयत्याचं वाकडं पातं. त्यात त्यांची एक रीत होती. एका झाडाची एकच बाजू तोडायची, दुसरी बाजू पुढच्या वर्षी, आणि शेंड्याला हात लावायचा नाही. लहानपणी मी विचारायची, शेंडा का नाही तोडायचा? ते म्हणायचे, शेंडा झाडाचा हाय, आपला न्हाय. पुढे वर्गात मुलांना झाडांचा धडा शिकवताना मी हेच वाक्य सांगायची, आणि मुलं हसायची.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. धरणाचा तळ उघडा पडला, जुन्या बुडालेल्या विहिरींचे कठडे दिसायला लागले. कडबा मिळेना. त्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा माळ पाहून मला धक्का बसला. हिवर आणि बाभळी दोन्ही बाजूंनी ओरबाडलेल्या होत्या. शेंडेसुद्धा गेले होते. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी काही विचारलं नाही, कारण शेळ्यांच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि उत्तर त्यातच होतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. गावात सगळे म्हणाले, सुटलो. झाडं मात्र तेव्हा मरायला लागली. हे मला अजूनही पटत नाही, पटवून घ्यावं लागतं. दुष्काळात जी तग धरून उभी होती, ती पाणी आल्यावर गेली. बाभळींच्या खोडांवर बारीक भोकं दिसली, बुडाशी पिठासारखा भुसा साठला. रात्रंदिवस आत काहीतरी कुरतडत होतं. कान लावला तर ऐकू येतं, असं आण्णा म्हणाले. मी कान लावला आणि लगेच काढून घेतला. हिवरांच्या बुंध्याला ओल्या दिवसांत तपकिरी अळंबी फुटली, म्हशीच्या कानाएवढी, जाड. साल हाताने सोलून येत होती. ज्या झाडांचे शेंडे तोडले होते ती आधी गेली. आण्णांनी हे मोठ्याने कबूल केलं नाही आणि मीही त्यांच्या तोंडून वदवून घेतलं नाही.

लिंब मात्र उभे होते. लिंबाला कीड लागत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. धान्यात पाला घालतो तो लिंबाचाच, गोवर आलेल्या पोराच्या उशाशी डहाळी ठेवतो ती लिंबाचीच. जे झाड दुसऱ्याचे किडे पळवतं, त्याला किडा लागेल कसा? पण पाऊस ओसरता ओसरता त्या जुन्या लिंबांचे शेंडे करपले. आच लागावी तसे तांबूस झाले, आणि ती तांबूस रेघ दर आठवड्याला खाली सरकत आली. जळकोटहून येताना हायवेच्या कडेचे लिंबही तसेच दिसत होते. सास्तूरच्या रस्त्याला तर एकही हिरवा शेंडा नव्हता. मी मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागे बसून नुसती झाडं पाहत होते आणि मला भीती वाटत होती.

आण्णा घाबरले नाहीत, निदान दाखवलं नाही. ते कामाला लागले. मोठ्या लिंबांच्या आसपास निंबोळ्या पडून पंचवीस-तीस रोपं उगवली होती, गुडघ्याएवढी, काही कमरेएवढी. आजवर ती शेळ्यांनी कधी मोठी होऊ दिली नव्हती. आण्णांनी ठरवलं, म्हातारी झाडं जायची असतील तर जावोत, ही वाढवायची. पाच-सहा वर्षांत सावली तयार. रोपांना शेळ्यांपासून राखायचं म्हणजे कुपाटी हवी, काट्यांचं कुंपण. आधी भावाने तारेची जाळी आणून दिली होती, ती आठ दिवसांत चोरीला गेली. वेड्या बाभळीचे काटे वाटेल तेवढे होते, धरणाच्या काठाने तिचंच रान माजलं आहे. तिला ना दुष्काळ मारतो ना किडा. पण आण्णा तिला शिवायला तयार नव्हते. तिच्या शेंगा शेळ्या खातात, लेंड्यांतून बी पडतं आणि दुसऱ्या पावसात तीच उगवते. एकदा आत घेतली की ती बाहेर निघत नाही, असं ते म्हणायचे.

मग त्यांनी हातातलंच वापरलं. त्यांच्या कामाची पद्धतच ती, माळावरचं काही वाया घालवायचं नाही. वाळलेल्या बाभळी, हिवर तोडून त्यांच्या काटेरी फांद्यांचं एकेका रोपाभोवती कडं केलं, आणि जिथे फट राहिली तिथे जुन्या लिंबांच्या करपलेल्या डहाळ्या कोंबल्या. दोन महिने ते हेच करत होते. हातांना ओरखडे, धोतर फाटलेलं. मी गेले की मला एकेक कुपाटी दाखवायचे. मेलेली झाडं पोरांना सांभाळायला उभी केली, असं एकदा म्हणाले, आणि मला ते इतकं आवडलं की मी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर रोपांचे शेंडे करपले.

सगळ्यांचे नाहीत. मी माळभर फिरून पाहिलं. माझा स्वभाव संशयी आहे, घरात त्यावरून मला चिडवतात. घोळक्यापासून लांब, बांधाच्या दगडांत उगवलेली दोन-तीन रोपं होती, तिथे शेळ्या पोचत नाहीत म्हणून आण्णांनी कुपाटी केली नव्हती. ती हिरवीगार होती. आणि कुपाटीतली रोपं, जितक्या डहाळ्या जवळ, तितकी जास्त करपलेली. कुपाटीच्या फांद्यांना हात लावला तर भुसा बोटांवर आला. काही फांद्यांतून नखाच्या टोकाएवढे काळे भुंगेरे बाहेर येत होते.

मी एक डहाळी पिशवीत घालून जळकोटला आणली आणि आमच्या ओळखीच्या कृषी सहायकाला दाखवली. त्याने ती उलटसुलट पाहिली. त्याचं म्हणणं असं, की एक बारीक किडा कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो, त्या जखमेतून बुरशी शिरते, आणि पावसाच्या शिंतोड्यांनी वाळल्या डहाळीवरची बुरशी शेजारच्या ओल्या पानावर जाते. भुंगेरे वाळल्या लाकडात वाढतात आणि अशक्त झाड दिसलं की तिकडे जातात. दुष्काळाने झाडं आधीच थकलेली. यावर औषध काय, विचारलं तर तो म्हणाला, एवढ्या माळावर फवारणार कोण? ते वाळलेलं लाकूड आधी जाळा. मोठी झाडं कदाचित चैत्रात पालवतील, रोपांची खात्री नाही.

मला रडू आलं. आण्णांनी दोन महिने खपून प्रत्येक रोपाच्या उशाला रोग नेऊन ठेवला होता, आणि ते त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं होतं. भावाला तू सांग म्हटलं असतं तर त्याने फोनवर चार वाक्यांत सांगून टाकलं असतं. ते मला नको होतं.

रविवारी मी माळावर गेले. आण्णा मोठ्या लिंबाखाली बसले होते. सावली आता चाळणीतून पडावी तशी, ठिपक्याठिपक्यांची. शेळ्या तरीही तिथेच बसलेल्या. मी सगळं सांगितलं, घाईघाईने, खाली बघून. ते उठून जवळच्या कुपाटीपाशी गेले, एक डहाळी उपसली, अंगठ्याने साल खरवडली. खाली बारीक काळे ठिपके होते.

मी म्हटलं, "आण्णा, कुपाटी जाळावी लागंल."

"जाळली तर शेळ्या रोपं खातेल."

"आन् न्हाय जाळली तर रोपं वाळतेल."

ते पुन्हा येऊन बसले. एक शेळी उठून त्यांच्या गुडघ्याला डोकं घासायला लागली, त्यांनी तिला दूर सारलं नाही. मी नवी जाळी आणू म्हटलं, जुन्या साड्या बांधू म्हटलं. ते ऐकत होते असं वाटलं नाही.

"तुजी माय हुती तवा ह्याच लिंबाखाली भाकर घिऊन यायची," ते म्हणाले. "मला सावली पायजे बाई. शेळ्या दिऊन टाकू."

मला आधी समजलंच नाही. सावली आहे तोवर शेळ्या, हे त्यांचं बोलणं मी लहानपणापासून ऐकलं होतं. ते उलटंही होऊ शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. रोपं शेळ्यांसाठी राखायची होती, आणि रोपं राखायला शेळ्याच घालवायच्या होत्या. मी चिडले. म्हटलं, मग करणार काय तुम्ही दिवसभर? ते म्हणाले, राखण.

कुपाट्या आम्ही दोघांनी मिळून जाळल्या. वाळलेलं, पोखरलेलं लाकूड, भसाभस पेटलं. रोपांना आच लागू नये म्हणून फांद्या लांब उघड्यावर नेत होतो, तेवढ्यात माझी ओढणी काट्यात अडकून फाटली. मी शिव्या घातल्या तेव्हा आण्णा हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

शेळ्या त्यांनी बाजारात नेल्या नाहीत. शेजारच्या वस्तीवरच्या त्यांच्या चुलतभावाला दिल्या, म्हणजे नजरेसमोर राहतील. माझ्या भावाला कळलं तेव्हा त्याला फार आनंद झाला. म्हणाला, अखेर शहाणपण आलं. मी त्याच्याशी दोन महिने बोलले नाही, त्याला कारणही सांगितलं नाही.

चैत्रात मोठ्या लिंबांपैकी काहींना पालवी आली, काहींना आली नाही. पाडव्याला गुढीला लावायला हिरवी डहाळी मिळाली, पण फूल नव्हतं. रोपांतली निम्मी गेली. उरलेल्यांना तळातून फुटवे आले. वेडी बाभूळ मात्र कुपाटी जाळलेल्या जागेपर्यंत पोचली आहे. आण्णा ती रोज उपटतात.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा ते बांधावर बसलेले होते, हातात आकडीचा नुसता बांबू, पातं काढलेलं. दुपारची वेळ होती. मी भाकरी सोडत होते तेवढ्यात खालून घंटीचा आवाज आला. आण्णांनी मान वर केली नाही, पण बांबू नीट धरला. चुलतभावाचा कळप खाली धरणाच्या बाजूला होता, आणि त्यातून आमच्या शेळ्या वेगळ्या होऊन उतार चढत होत्या. त्यांची बसायची वेळ झाली होती. सरळ रेषेत, न चुकता, लिंबाकडे.

"रोजच येत्यात," आण्णा म्हणाले.

ते उठले आणि बांबू आपटत त्यांच्यावर धावले. बाकीच्या पांगल्या. घंटीवाली पुढची शेळी थांबली, तीच, तेव्हा आण्णांच्या गुडघ्याला डोकं घासणारी. मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत राहिली. आण्णांनी खाली वाकून खडा उचलला आणि मारला, तिच्यापासून हातभर लांब पडेल असा. ती जागची हलली नाही. मग त्यांनी दुसरा उचलला, आणि तो तिला लागला.