मेतकूट-भाताची टीम

माझी लेक कलकत्त्यात, बेहाल्याला मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवते. यांच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही इकडे आलो, पुढे हे गेले आणि मी लेकीकडेच राहिले. तेव्हा तिची फुटबॉलची टीम म्हणजे नुसता गोंधळ. बॉल जिकडे, सगळ्या पोरी तिकडे. लेक म्हणायची, "आई, मला मधे खेळणारी एक हवीय गं. आधी मान वर करून बघेल आणि मग बॉल देईल अशी."

तशी एक तिला गार्डन रीचच्या मैदानावर दिसली. पण तिच्यामागे आणखी दोन कॉलेजं लागलेली. एक भारी बूट देत होतं, दुसरं होस्टेल. आमच्याकडे काय, तर विटक्या जर्सी! लेक म्हणाली, "तू चल बरोबर. म्हातारं माणूस बघून बसायला तरी सांगतील." म्हणजे माझा उपयोग खुर्ची मिळवण्यापुरता. गेले बापडी.

मुलीची आई शिवणयंत्रावरून उठलीसुद्धा नाही. लेकीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बूट का मैं क्या करूँ? मॅच के दिन इसके पेट में कुछ टिकता नहीं. उलटी करके भूखी खेलती है." पोरगी दाराशी उभी, लाजून अर्धी झालेली.

मीच माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, मॅचच्या सकाळी तिला माझ्याकडे पाठवा. मऊ भात, तूप, मेतकूट. बघू कसं राहत नाही ते. "मेतकूट क्या?" मग डाळी, तांदूळ, मेथ्या कशा वेगवेगळ्या भाजायच्या, हिंग कधी घालायचा, सांगत बसले. तीही मशीन थांबवून ऐकत बसली. परतताना ऑटोत लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, आपण फुटबॉलसाठी आलो होतो ना?"

पोरगी आमच्याच कॉलेजात आली!

पहिल्या मॅचच्या सकाळी ती घास हातात धरून नुसती बसून राहिली. मी समोर बसले आणि गप्प राहिले. मी आणि गप्प! यांनी पाहिलं असतं तर डॉक्टरांना बोलावलं असतं. हळूहळू वाटीभर भात गेला. मैदानावर मी बॉल बघितलाच नाही, तिचं तोंड बघत होते. हाफ टाइमला विचारलं, "राहिलं का गं पोटात?" तिने मान डोलावली आणि अशी हसली म्हणून सांगू.

मग बाकीच्या रुसल्या. "दिदा, हिलाच फक्त?" दिदा म्हणजे आजी. झालं, पुढच्या मॅचपासून अख्खी टीम माझ्या स्वयंपाकघरात. समोरच्या कॉलेजच्या पोरी चिडवायच्या, "आली बघा हळदी भात!" आमच्या कुठल्या ऐकायला! त्यांनी नव्या जर्सी मुद्दाम पिवळ्याधमक मागून घेतल्या. आणि त्या पोरीकडे बघून सगळ्याच मान वर करून खेळायला शिकल्या. लांबून बघणाऱ्यालाही कळायचं, ही बेहाल्याची टीम.

कॉलेज संपलं तसं तिला दूरच्या एका क्लबने बोलावलं. जायलाच हवं होतं. मेतकुटाचा डबा दिला. वर्षभरात असे कितीतरी डबे गेले. आता मॅच झाली की तिचा फोन येतो. तोवर मी उगीच ओटा पुसत राहते.

परवा उशिरा आला. लेक फोन घेऊन ओरडतच आली, "जिंकले, आई! दोन्ही गोल हिच्याच पासवर!" मी फोन घेतला. "राहिलं का गं पोटात?"

ती बारीक आवाजात म्हणाली, "नाही, दिदा."

"डबा संपला का?"

"नाही. आहे अजून."

मी तरीही डाळ भाजायला घेतली. लेक म्हणाली, "अगं, आहे म्हणतेय ना ती. आणि संपला तर कुरिअरने पाठवू."

पाठवू की. पण तिथे तिच्यासमोर बसणार कोण?