मिरचीचा वास आला नाही

माझ्या तान्ह्या पोरीचं तोंड उघडं आणि आवाजच नाही. रडायला जाते, छाती आत ओढते, मी तिचे ओठ बघते तर जांभळे पडलेले, आणि घरात धूर, साधा नव्हे, डोळ्यांत नि घशात सुया घुसल्यासारखा.

धूर पडवीतनं येत होता. नवरा तिथे चतुर्थीच्या मखरांचं काम करायचा. फुलं छापलेलं टेबलावरचं प्लॅस्टिक आणायचा आणि शेगडीत लाल केलेल्या सळीने एकेक फूल कापून काढायचा. कातरीने कापलं तर कड सुटते म्हणे, सळीने वितळून बसते. पाकळ्यांच्या शिरासुद्धा सळीनेच कोरायचा. आणि दारं-खिडक्या बंद! उघडायला गेलं की ओरडायचा, "गो, दार उघडू नुको, फुलां उडतली!" पडवीतल्या कड्या-खिळे गंजून लाल झाले होते. हा धूर लोखंडसुद्धा खातोय म्हणून मी दाखवले तर म्हणाला, "दर्याचो खारो वारो. लोखंड गंजताच."

मी पोरीला उचललं तोच सासू मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन आली. "दिष्ट लागली हा चेडवाक. काल ती शेजारीण बगान गेली नाय?" ओवाळलं आणि सगळं टाकलं त्याच शेगडीत. आमच्याकडे मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नाही, वासच आला नाही तर मोठी दृष्ट. आता त्या प्लॅस्टिकच्या घाणीत कोणाला कसला वास येणार? सगळे आधीच खोकत होते!

"बगलंस? मिरचेचो वाससुद्धा नाय. केदी मोठी दिष्ट!" असं म्हणून ती बाहेरच्या दारातच उभी राहिली, हात आडवे करून.

"आवो आई, वाट सोडा, चेडवाक श्वास गावना नाय!"

"दिष्ट उतरल्याबिगर उंबरो वलांडूचो नाय!"

पोरीची मान माझ्या हातावर कलली. मी खांद्याने सासूला ढकललं. ती धाडकन पायरीवर पडली, मी तिला ओलांडून पावसात, माडाखाली. पोरीला पालथं धरलं, पाठ चोळली, आणि किती वेळाने कोण जाणे, ती किंचाळली. एवढं गोड काही मी ऐकलेलं नाही.

मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बाळ असलेल्या घरात प्लॅस्टिक जाळायचं नाही. छातीत जातं." घरी येऊन सांगितलं तर नवरा सळी खाली न ठेवता म्हणतो, "डाक्टराक काय जाता सांगूक! चतुर्थी तोंडार इली, मखरां काय तुझो बापूस पुरी करतलो? आणि माझ्या आवशीक ढकललंस तू?"

"आवस पडली ती दिसली, चेडू निळां पडलां तां नाय दिसलां?"

सासूचा हात गळ्यात बांधलेला. पोरीकडे तिने बघितलंही नाही. म्हणाली, "आदी पाया पड, मगे घरात पाय टाक." मागे पडवीचं दार तसंच बंद, आत सळी चर्रर्र करतेय.

मी पडले नाही पाया. पोरीला घेतलं आणि आचऱ्याला माहेरी आले. आता इथेही सगळे म्हणतात, सासूवर हात टाकणारी, पड पाया आणि जा. पोर खोकते अजून, रात्री उठून मी तिच्या छातीला कान लावते. आणि मला परत त्याच घरात जायला सांगतात. तुमची पोर हातात निळी पडली असती आणि दारात ती बाई उभी असती, तर तुम्ही काय केलं असतं, सांगा ना?