माझ्यावर दावा झाला तेव्हा

आम्ही अमेरिकेत श्रूजबरीला राहायला आलो तेव्हा तिथल्या मराठी घरांत दोनच व्यवसाय होते, डॉक्टर आणि इंजिनिअर. माझा नवरा इंजिनिअर, त्यामुळे आमची सोय झाली. मी काय करते असं कुणी विचारलं की मी ‘सोशल वर्कर’ म्हणायचे, आणि समोरचा कौतुकानं मान हलवायचा, “वा, म्हणजे वेळ छान जात असेल.” मी यासाठी मुंबईत आणि इथं अशा दोन पदव्या घेतल्यात, मला पगार मिळतो, हेही सांगून पाहिलं. मान तशीच हलायची.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या त्या वर्षांत पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, डॉक्टरमंडळींचा एकच विषय असे, मालप्रॅक्टिसचा विमा, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल कुणी दावा लावला तर भरपाई देणारा. हप्ते कसे वाढले, कुणावर कुणी दावा ठोकला. सूर तक्रारीचा, पण मोठ्या घरचा जावई किती मानपान मागतो हे सांगताना सासऱ्याच्या आवाजात येतो तसा तोराही त्यात असायचा. एकदा मी म्हटलं, असा विमा आम्हालाही असतो. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ, हृदयाच्या डॉक्टरांनी प्लेट खाली ठेवली.

“वहिनी, तुम्हाला कोण सू करणार? आणि कशाबद्दल, चहा थंड दिला म्हणून?”

सगळे हसले. माझा नवराही हसला. परतताना गाडीत तो म्हणाला, मी अगदी थोडंच हसलो.

मी म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत होते. माझ्याकडे एक विधवा बाई होत्या, नव्वदीला टेकलेल्या, स्वतःच्या घरात एकट्या राहणाऱ्या. मुलगा दुसऱ्या राज्यात. एकदा तो घर आपल्या नावावर करून घ्यायचे कागद घेऊन आला. बाईंनी मला विचारलं, सही करू का? मी म्हटलं, घाई कशाला, आधी एखाद्या वकिलाला दाखवा. त्यांनी दाखवलं, आणि सही केली नाही.

थोड्याच दिवसांत मुलानं संस्थेवर आणि माझ्यावर दावा लावला. मी कामाची मर्यादा ओलांडली, आईचे कान भरले आणि त्यामुळे त्याला तीव्र मनस्ताप झाला, असं त्याचं म्हणणं होतं. आईला काय झालं, याबद्दल त्यात काही नव्हतं.

विमा कंपनीनं मला वकील दिला. तरुण, इस्त्री केल्यासारखा. त्यानं बजावलं की बाईंना भेटायचं नाही, फोन करायचा नाही, आणि मुख्य म्हणजे कुणालाही सॉरी म्हणायचं नाही, कारण सॉरी म्हणजे कबुली. मी म्हटलं, या देशात आल्यापासून मी दिवसभर सॉरीच म्हणतेय. त्यानं ते गंभीरपणे लिहून घेतलं.

बातमी अर्थातच पसरली. पुढच्या पॉटलकला हृदयाच्या डॉक्टरांनी स्वतः उठून मला त्यांच्या घोळक्यात खुर्ची दिली. “काहीही ॲडमिट करू नका, वहिनी,” ते आपल्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाले. त्यांच्या बायकोनं पहिल्यांदाच विचारलं की मी नक्की काय काम करते. दोन पदव्यांना जे जमलं नव्हतं, ते एका समन्सनं केलं. मला त्याची लाज वाटायला हवी होती. त्या संध्याकाळी तरी मी मजेत श्रीखंड खाल्लं.

काही महिन्यांनी वकिलाचा फोन आला की केस मिटली. कंपनीनं मुलाला पैसे देऊन टाकले होते.

“म्हणजे माझी चूक होती?”

“अजिबात नाही. लढण्यापेक्षा देणं स्वस्त पडलं.”

मला विचारलं का नाही, तर तो निर्णय कंपनीचा, पॉलिसीत तसं कलमच आहे म्हणाला. मग त्यानं माझं अभिनंदन केलं, आणि मी सवयीनं थँक्यू म्हटलं.

त्याच आठवड्यात मी बाईंकडे गेले. दरम्यान त्यांचं काम संस्थेनं दुसऱ्या मुलीला दिलं होतं. बाई दारातच उभ्या राहिल्या. इतके दिवस का आली नाहीस, त्यांनी विचारलं. मनाई होती, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“त्या लोकांनी माझ्या मुलाला पैसे दिले, म्हणजे तुझं काहीतरी चुकलंच असणार. उगाच कोण पैसे देतं?”

‘लढण्यापेक्षा देणं स्वस्त’ हे या बाईंना, त्यांच्याच मुलाबद्दल, कसं सांगायचं? बाहेर बोचरी थंडी होती. शेवटी त्यांनीच दार पुरतं उघडलं आणि म्हणाल्या, बूट काढून ये, बर्फानं कार्पेट ओलं होईल. आत गेल्यावर त्यांनी सांगितलं की नवी मुलगी बरी आहे, पण फार हसते.