प्रस्थानाची पिशवी

ती घटना आठवली की आजही मी घराबाहेर पडताना हातातली पिशवी उघडून बघतो. बायको हसते. हसू दे.

मी कुंभकोणमला इन्स्पेक्टर होतो. दारासुरमचे दोघे भाऊ, रेशमी साड्यांचे व्यापारी, आमच्यासारखेच तंजावरी मराठी. कारैकालकडे शिडाची बोट भाड्यानं घेऊन ते समुद्रात गेले आणि दुसरा दिवस उजाडला तरी परतले नाहीत. थोरल्याची बायको ठाण्यात येऊन बसली. "बोटवाल्यानं घात केला! बिनतारी संच दिला असता तर ते बोलले नसते का?"

तक्रार नोंदवली, किनाऱ्यावर कळवलं. तेवढ्यात बस स्टँडवरच्या चहावाल्याची खबर आली की बोटवाला इथंच घुटमळतोय. आणला उचलून.

"सार, संचावर हाका मारून दमलो," तो म्हणाला. "संच घरीच राहिला का, विचारायला आलो तर दारातून हाकललं. आदल्या दिवशी नारिंगी पिशवीत संच, होकायंत्र, सगळं माझ्या हातानं भरून दिलं होतं. दुपारभर बसवून शिकवलं, संच-होकायंत्र नसलं तर काय करायचं तेही. निघताना विचारलं, घेतली का? दोघंही म्हणाले, घेतली."

प्रश्न उलटेसुलटे फिरवले. खोटं बोलणारा दर वेळी थोडं तिखटमीठ लावतो. ह्यानं एक शब्द वाढवला नाही. मग पिशवी गेली कुठं? मला राहवेना. त्याला जीपमध्ये घालून भावांच्या घरी गेलो.

"असली पिशवी आम्ही पाहिलीच नाही," थोरल्याची बायको म्हणाली. "त्यात दिवसही बरा नव्हता. म्हणून सासूबाईंनी आदल्या दिवशीच..."

मी कान टवकारले. आमच्या घरांत अजून प्रस्थान ठेवायची रीत आहे. दिवस वाईट असला तर आधीच्या मुहूर्तावर सामानातलं काहीतरी शेजारी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. निघताना ते उचलायचं.

"आजी, प्रस्थान कुठं ठेवलंत?" मी सासूबाईंना विचारलं.

"समोरच्या घरी. दाराशी पिशवी होती, तीच ठेवली. कपडे असतील म्हटलं. उचलली असेल की पोरांनी!"

नव्हती उचलली. नंतर कळलं, धाकट्याला वाटलं होतं थोरल्यानं घेतली, थोरल्याला वाटलं होतं धाकट्यानं. समोरच्या घरात, देवाच्या फळीखाली, हळदकुंकू लावलेली नारिंगी पिशवी बसली होती. मागून आलेल्या आजींनी पिशवी ओळखली. "मीच पोरांना बुडवलं रे देवा!"

बोटवाल्याचा चेहरा मात्र उजळला. "नाही आजी! संचच नव्हता, म्हणून उत्तर आलं नाही. पोरं मी शिकवलं तसं करतील. शीड उतरवून, नांगर टाकून उथळ पाण्यात बसतील. सार, खोल समुद्रात शोधू नका."

मी तसंच कळवलं. संध्याकाळी दोघे सापडले, तहानेनं व्याकूळ, पण जिवंत. बोटवाल्याला मी स्वतः बसमध्ये बसवून दिलं.

तयारी केली का, असं सगळेच विचारतात. हो म्हणायला काय जातंय? चौकशीतही मी पुढं तेच धरलं, सांगितलेलं ऐकायचं, पण उघडून बघायचं.

पुढच्या वर्षी भाऊ पुन्हा बोटीवर निघाले. मी सहज भेटायला गेलो होतो. आजी दारात आडव्या उभ्या होत्या.

"मुहूर्त राहू दे," त्या म्हणाल्या. "आधी पिशवी उघड, मला आत बघू दे."