गुळाशिवायची डाळ

एका ऑफिसात वीस वर्षं काढली की फायली रद्दीत जातात, किस्से मात्र साठत राहतात. बडोद्याबाहेर बाजव्याजवळच्या आमच्या कारखान्यात तर डोहाळ्यांचेच इतके साठलेत! मला स्वतःला पेट्रोलच्या वासाचे डोहाळे लागले होते. टाकी फुल असताना नवरा मला पंपावर न्यायचा आणि नुसती हवा भरून परत आणायचा.

पण खरे किस्से आमच्या केतकीचे. नागरवाड्यातली पोरगी, डोहाळे सगळे गोडाचे. जिलेबी, बासुंदी, श्रीखंड! सहाव्या महिन्यात रिपोर्टमध्ये शुगर आली. डॉक्टर म्हणाल्या, "गोड बंद." पहिल्या खेपेला तिचं बाळ राहिलं नव्हतं. केतकीने गोडाचा डबा बंद केला आणि म्हणाली, "बंद म्हणजे बंद!"

*

आता बडोद्यात गोड बंद करायचं म्हणजे जेवणच बंद करायचं. आमच्या कँटीनचे महाराज डाळीतही गूळ घालतात. केतकी थेट स्वयंपाकघरात शिरली. "महाराज, उद्यापासून माझ्या डाळीत गूळ नको."

महाराजांचा चेहरा पडला. "बेन, गोळ वगरनी दाळ? ए तो पाणी कहेवाय!"

"मग मी पाणी पिईन!"

दोन पातेली चढवणं त्यांना जमेना. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कारखान्याला बिनगुळाची डाळ!

*

मांडवीतून जाताना ती नवऱ्याच्या स्कूटरवर डोळे मिटून बसायची. एकदा नेमका जिलेबीच्या दुकानासमोर ट्रॅफिक तुंबला.

"निखिल, गेलं का दुकान?"

"अगं, समोरच आहे. रामरक्षा म्हण!"

तिने डोळे मिटून, हात जोडून खणखणीत रामरक्षा सुरू केली. दुकानदार भारावून खाली आला आणि द्रोण पुढे करून म्हणाला, "बेन, प्रसाद लो!"

निखिलने दोघांचा प्रसाद खाल्ला.

*

डोहाळजेवणाला सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे दोन वाट्या झाकून ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. केतकीने उघडली त्यात पेढा निघाला. "मुलगा, मुलगा!" बायका ओरडल्या. "खा गं, रिवाज आहे!"

केतकीने वाटी पुन्हा झाकली. "आई, मुलगा की मुलगी ते आल्यावर बघू. आधी सुखरूप येऊ दे. तोवर पेढा तुम्ही सांभाळा."

डोळे पुसत सासूबाईंनी दोन्ही वाट्या आत नेल्या.

*

इकडे कँटीनमध्ये बंड व्हायची वेळ आली. आमचे देसाईसाहेब दोन वाट्या डाळ पिणारे. एके दिवशी ताट घेऊन ते महाराजांसमोर उभे राहिले. "महाराज, आ शुं छे? त्रण महिनाथी गोळ नथी!"

महाराजांनी डाव खाली ठेवला, साहेबांच्या पोटाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तमने केटलामो महिनो?"

त्यानंतर डाळीबद्दल कुणी तक्रार केली नाही.

*

निखिलचा फोन जेवणाच्या सुट्टीआधी आला. आम्ही सगळ्या कँटीनकडे पळालो. "महाराज, केतकी सुटली!"

मुलगा की मुलगी, महाराजांनी विचारलंच नाही. फोडणीचं तेल तापत होतं, तो गॅस त्यांनी बंद केला.

"बाळक सारुं छे?"

"एकदम छान!"

"अने बेननी शुगर?"

"नॉर्मल!"

महाराज स्टुलावर चढले, फळीवरच्या मागच्या डब्यातून गुळाची अख्खी ढेप काढली आणि न फोडता डाळीत सोडली.