शेठजींच्या तीन डिस्क आणि रावेरची केळी

जीपमध्ये मागे बसलेला माणूस एक गोष्ट हमखास विसरतो. पुढे बसून गाडी हाकणाऱ्यालाही दोन कान असतात! म्हणून ड्रायव्हरकडे किस्से साठतात, काचेवर धूळ साठते तसे. जळगावात पुसून निघावं, तर नशिराबाद येईपर्यंत पुन्हा तेवढीच.

मी हेमराज शेठजींची जीप चालवतो. शाळेची पायरी चढलो नाही, अक्षरं म्हातारपणी नातीबरोबर शिकलो. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

शेठजी केळीचे व्यापारी. तिघे भाऊ मिळून धंदा बघतात. कुणाची केळी, किती वजन, कोणत्या ट्रकमध्ये, ट्रक कुठे पोचला, हे सगळं आता त्यांच्या डेटाबेसमध्ये. सीझनला रावेरचे वजनकाटे सुरू झाले की नोंदींची झोड उठते. प्रत्येक नोंद जळगाव, धुळे आणि रावेर अशा तीन मशीनवर एकदमच लिहिली जाते. एक मशीन बंद पडलं तरी दोन असतात. तिन्ही गेली, तर कुणाचा माल कुणाच्या ट्रकमध्ये गेला हे देवालाही सांगता यायचं नाही!

मशीनच्या पोटात एक चपटी डबी असते. तिला डिस्क म्हणतात. लिहिलेलं सगळं तिच्यात. हे सगळं सांभाळायचं ते सुजाताताईंनी. आई धुळ्यात एकटी, म्हणून पोरगी पुण्याची नोकरी सोडून आली. ही नोकरी गेली, तर पुन्हा आईला सोडून पुणं.

* * *

डिस्क घ्यायला आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं स्वस्तातली एक लावून दाखवली. पडद्यावर लिहिण्याच्या वेगाचा काटा सरसर वर!

"बघा शेठजी, विमान आहे विमान!"

शेठजी खूश. ताई म्हणाल्या, "चालू राहू द्या. चहा मागवा."

चहा आला, पिऊन झाला. ताईंची नजर पडद्यावर. आणि एकाएकी काटा खाली घसरला, चढणीला लागलेल्या बैलगाडीसारखा.

दुकानदार ओशाळला. "मॅडम, इतका वेळ सलग कोण लिहितं हो?"

"रावेर," ताई म्हणाल्या.

* * *

मग ऑफिसात दुसरी परीक्षा. दोन कंपन्यांच्या डिस्क मशीनमध्ये घातल्या, लिहिणं सुरू केलं आणि ताईंनी प्रकाशला हुकूम सोडला, "वायर ओढ!"

प्रकाश आमचा मशीनवाला, साक्रीकडचा. बोलणं अहिराणी, बठ्ठं म्हणजे सगळं. त्यानं वायरवरचा हात मागे घेतला. "ताई, बठ्ठं चालू शे, आन् मी वायर वढू? पाप लागी ना!"

"रावेरची लाइट तुला विचारून जाते का? ओढ!"

त्यानं डोळे मिटून ओढली. पुन्हा सुरू केल्यावर एका डिस्कमध्ये सगळं जागच्या जागी. दुसरीत शेवटच्या नोंदी गायब. आणि वायर ओढायच्या आधी त्याच नोंदींना तिनं 'लिहिलं, लिहिलं' म्हणून होकार दिला होता!

शेठजी उठून उभेच राहिले. "लिहिलं म्हणते आणि लिहीत नाही? असा मुनीम माझ्या वडिलांनी चहाही न पाजता घालवला असता!"

खरी ठरलेली ती डिस्क ताईंनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

* * *

आता घोळ कुठे झाला ते ऐका. तसली खरी डिस्क महाग. शेठजींनी घासाघीस करून दुसऱ्या एका चांगल्या कंपनीच्या तीन डिस्क आणल्या. वायर ओढायच्या परीक्षेत त्याही पास! पण तिन्ही एकाच खोक्यातल्या, एकाच लॉटच्या.

धुळ्याला जाताना एरंडोलच्या पुढे मागच्या सीटवर वाजलं.

"शेठजी, एका लॉटच्या तीन ठिकाणी नकोत. निरनिराळ्या घेऊ."

"अहो, एका लॉटचा माल म्हणजे एकसारखा! आमचा जन्म गेला यात."

"तोच तर घोर आहे. एकसारख्या बनल्या, एकाच दिवशी बसणार, तिघींवर काम सारखंच. मोडल्या तर एकदमच मोडतील. एका घडाची केळी एकदम पिकतात की नाही?"

"पिकतात ना! म्हणून तर विकायला सोपी!"

मला हसू आलं, ते मी गिअर बदलण्यात लपवलं. ताई मात्र हसल्या नाहीत.

"शेठजी, मी बसवणार नाही."

"मग दुसरा माणूस बसवेल. तुमच्या जागी बसून."

पारोळा आलं, गेलं. धुळ्यात आईच्या घराशी ताईंना उतरवलं. उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "आबा, उद्या सकाळी या. बसवायच्या आहेत."

* * *

डिस्क बसवायच्या दिवशी शेठजींच्या आई स्वतः ऑफिसात आल्या. तिन्ही डिस्कना कुंकू लावलं. नारळ फोडायला त्या मशीनकडेच वळल्या, तेव्हा ताईंनी धावत जाऊन मशीनसमोर आडवे हात पसरले. "अक्का, पाणी नको आत!"

आईंनी नारळ खाली ठेवला आणि वरपासून खालपर्यंत मशीन न्याहाळलं. "एवढ्या पाण्याला भितंय, ते माझ्या लेकांचा धंदा कसा सांभाळणार ग?"

* * *

भर सीझन आला. ऊन असं की स्टेअरिंगला फडकं बांधून हात लावावा. धुळ्याची डिस्क गेली म्हणून ताईंना घेऊन मी जळगावहून निघालो. कपाटातली ती फडक्यातली डिस्क त्यांच्या मांडीवर. पाळधीच्या पुढे फोन आला. जळगावचीही गेली!

"आबा, वळवा."

वळवली. आता उरलं एकटं रावेर. इकडे शेठजींचा फोन, "आबा, उडवा गाडी!" मी आरशात बघितलं.

"तुमच्या चालीनंच घ्या," ताई म्हणाल्या. "हिला धक्का बसायला नको." आणि डिस्क दोन्ही हातांनी पोटाशी धरली, तान्हं धरतात तशी.

जळगावात मेलेली डिस्क काढली. कुंकू अजून तसंच होतं. नवी बसली आणि रावेरचं सगळं तिच्यात उतरायला लागलं. गोगलगायीच्या गतीनं. कारण तिकडे काटे चालूच होते. वरून नोंदी पडतायत, खालून आम्ही ओढतोय, आणि मधे रावेरची ती एकटी डिस्क.

"शेठजी, काटे थांबवा."

"कापलेली केळी उन्हात उभी आहेत सुजाताताई! केळी थांबत नाहीत."

"मग ती डिस्कही थांबणार नाही. तिचीही वेळ झालीय. त्या तिघी एकाच खोक्यातल्या."

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. दुष्काळ बघितला, पूर बघितला, पण या माणसानं सीझनमध्ये काटा थांबवलेला मी कधी बघितला नव्हता. त्यांनी फोन उचलला.

"काटे बंद करा. सगळे."

थोड्या वेळात रावेरहून प्रकाशचा फोन. मागे नुसता कल्ला. "ताई, बठ्ठा लोक माले घेरीसन उभा शेतस! काय सांगू त्यास्ले?"

शेठजींनी फोन ओढून घेतला. "सांग, खराब होईल तो माल शेठचा! सावलीत घ्या सगळा."

पडद्यावरची पट्टी मुंगीसारखी सरकत होती. शेठजींच्या हातातला चहा गार झाला, वर साय धरली. पट्टी टोकाला लागली, ताईंनी दोनदा तपासलं आणि मान हलवली. "उतरलं सगळं. काटे सुरू करा."

काटे सुरू झाले. शेठजींनी तोच गार चहा तोंडाला लावला, तेवढ्यात पुन्हा प्रकाशचा फोन.

"ताई, रावेरनीबी गई!"

शेठजींनी कप खाली ठेवला. ते ताईंच्या मांडीवरच्या त्या रिकाम्या फडक्याकडे बघत बसले. नंतर डिस्क आल्या त्या तीन कंपन्यांच्या, तीन दुकानांतून. आणायला शेठजी स्वतः गेले.

* * *

पुढे शेठजींच्या पुतण्याचं लग्न निघालं, धुळ्याला. दारात झेंडूच्या माळा लावलेली मोठी एसी बस. तिघे भाऊ फेटे बांधून पुढच्या सीटवर ओळीनं बसले. सुजाताताई आईसाठी गजरा घेऊन खिडकीशी. मी मागून जीप काढत होतो.

बस हलणार, तोच शेठजी उठले. "थांबवा!"

मधल्या भावाला म्हणाले, "तू आबांच्या जीपमध्ये बस." धाकट्याला म्हणाले, "तू रेल्वेनं ये."

शेठाणी कावल्या. "अहो, मुहूर्ताला जायचंय की नाही? वऱ्हाड आहे का पार्सल?"

धाकटा फेटा सावरत उभा राहिला. "पण दादा, एवढी मोठी बस असताना मी रेल्वेनं का?"

शेठजींनी एकदा खिडकीशी बसलेल्या ताईंकडे बघितलं.

"आपण तिघं एकाच घडाचे. उतर!"