पेन्सिलीतलं मराठी

कर्नाटकातल्या निपाणीच्या शिक्षण कचेरीतले एक कारकून वर न बघताच कानडीत "बर्री मास्तर", म्हणजे 'या मास्तर', म्हणायचे आणि कानामागची पेन्सिल चाचपायचे. मी मराठी शाळेचा मास्तर. कन्नड परिपत्रकं मला वाचता येत नसत, म्हणून मी भरून दिलेले माहितीचे तक्ते चुकायचे आणि परत यायचे. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी वैतागून मी त्यांच्यापुढं राजीनामाच ठेवला.

तो वाचून, घडी घालून त्यांनी माझ्याच खिशात कोंबला.

"मास्तर, राजीनामा लिवायला येतोय, मग मला इचारायला का येत न्हाय?"

शेजारी बसवून त्यांनी परिपत्रकाच्या प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिला. पुढं प्रत्येक परिपत्रक तसंच येऊ लागलं. मी त्याच शाळेतून निवृत्त झालो. आज कन्नड पेपर सहज वाचतो, तो त्यांच्यामुळं.